दुखापतीनंतर व्यायाम आणि खाणं कसं बदललंत? इंदूरकरांनो, आपापलं लिहा

मागच्या पावसाळ्यात डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम) मारताना माझी कंबर गेली. पण विषय काढायचं कारण कंबर नाही, त्यानंतरचे चार महिने. व्यायाम बंद होणार हे सगळे सांगतात. भूक मात्र जुन्याच वेळेला, जुन्याच जोरात लागते, तिचा बंदोबस्त कसा करायचा ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी माझं सांगतो, मग तुम्ही लिहा. ऐकीव नुस्खे नकोत, स्वतःवर गुजरलेलं लिहा.

वय 44, सहा वर्षं जिम. त्या दिवशी 90 किलोलाच माझी पाठ गोल होत होती. शेजारच्या पोरानं टोकलंसुद्धा. "अरे भिया, बेल्ट आहे ना," म्हणत मी आणखी 10 किलो चढवले. आवाजबिवाज काही झाला नाही. बार खाली ठेवला आणि सरळच होता येईना. मित्राच्या स्कूटरवर मागे बसून पलासियाहून घरी आलो. वाटेत स्पीडब्रेकर किती आहेत ते त्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. एमआरआयमध्ये एल4-एल5ची, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली, डिस्क सरकलेली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत आपसूक उतरतं, पण अंथरूण धरून बसू नका.

सगळ्यात लागलं ते बुटांचं. माझी 71 वर्षांची आई खाली बसून माझ्या बुटाची नाडी बांधत होती. वर बघून म्हणाली, "दुहेरी गाठ मारू का, शाळेत जाताना मारायचे तशी?"

आता खाणं. जिमची गँग रविवारी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाते. मीही जात राहिलो. कंबर दुखतेय, तोंड थोडंच दुखतंय! दोन प्लेट पोहे, वर सेव, जीरावन (आपला इंदुरी मसाला) आणि 100 ग्रॅम जलेबी. व्यायाम होता तेव्हा हे सगळं जिरतं अशी माझी खात्री होती. घरी बसल्यावर हिशोब केला: तासभर वजनं उचलून जळतात 300-400 कॅलरी आणि ही न्याहारी 800च्या पुढे जाते. म्हणजे तेव्हाही जिरत नव्हतं, फक्त मनाला परवाना मिळत होता. सहा आठवड्यांत 4 किलो वाढले, आणि पोटावरचं ते ओझं उचलणार कोण, तर तीच कंबर.

पोहे सोडले नाहीत. इंदूरात राहून पोहे सोडायचे म्हणजे गाव सोडण्यासारखंच. अर्धी प्लेट केली आणि सोबत दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मुगाची उसळ. जलेबीचा एक वेढा, तोही रविवारीच. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालायचं. दोन महिन्यांनी पाठीला काठी लावून नुसतं कंबरेतून वाकायला शिकलो, म्हणजे पहिल्या दिवशी जे शिकायला हवं होतं ते. मग 20 किलोचा रिकामा बार. आज 60वर आहे. शंभर पुन्हा करणार का? बायको हे वाचतेय, त्यामुळे नाही.

तिलकनगरवाली

मी नेमकी उलटी चूक केली. नेहरू पार्कात धावताना घोटा मुरगळला, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं. वजन वाढेल या धास्तीनं त्याच दिवसापासून रात्रीचं जेवण बंद, दुपारी एक पोळी आणि काकडी. वजन वाढलं नाही, उलट 2 किलो उतरलं. खूश होते. पण सहा आठवडे झाले तरी घोट्याची सूज संध्याकाळी हजर, आणि जिना चढताना मांड्या थरथरायच्या.

फिजिओने घोट्याला हात लावायच्या आधी विचारलं, काल काय काय खाल्लं? सांगितलं तर तिनं पेन खाली ठेवलं. शरीर दुरुस्तीच्या कामात असताना तुम्ही त्याचा रेशनपाणी बंद केला, म्हणाली. पाय वापरात नसला की स्नायू पहिल्या दोन आठवड्यांतच झपाट्यानं उतरतात, आणि प्रोटीन कमी पडलं तर आणखी. अशा वेळी किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम तरी लागतं. माझं वजन 52, म्हणजे निदान 62 ग्रॅम. मी 30सुद्धा खात नव्हते.

आम्ही शाकाहारी. मग घट्ट वरण (आमच्याकडचं पातळ वरण म्हणजे पिवळं पाणी, सासूबाईंची माफी मागून), दुपारी 100 ग्रॅम पनीर, चार वाजता फुटाणे, रात्री दही. सासूबाईंना वाटलं मी पहिलवान होऊन राहिले आहे. महिन्याभरात एका पायावर उभं राहून दात घासायला लागले. हा फिजिओने दिलेला व्यायामच आहे, करून बघा, आधी बेसिन धरून.

मुद्गलकाका

वय 66. लहानपणी आखाड्यात होतो म्हणून या वयातही मुद्गल फिरवत होतो. डाव्या खांद्याला झटका बसला, दुखतंय म्हणून हात हलवणंच बंद केलं, आणि खांदा जाम झाला. मला मधुमेह आहे आणि मधुमेह्यांचा खांदा असा जास्त वेळा आखडतो, हे मला नंतर कळलं. शर्ट घालायला दहा मिनिटं.

पण खरा घोटाळा शुगरचा. खांद्याच्या नावाखाली फिरणंही सोडलं. तीन महिन्यांनी एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) 6.9चं 8.2. डॉक्टर हसले, "काका, खांद्यावर चालत होतात का?" उत्तर नव्हतं. आता दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या. रविवारचे बाफले (तुपातले कणकेचे गोळे) चारावरून दीडवर आणले. उरलेला अर्धा आमच्या हिच्या ताटात जातो, आणि शुगर तिलाही आहे, तो वेगळा विषय. खांद्याला वर्ष लागलं. मुद्गल आता कोपऱ्यात उभा आहे, त्यावर टॉवेल वाळतो.

लोधीपुऱ्यातली मावशी

इतकं सगळं लिहिलं, पण डिंकाच्या लाडवांचं नाव कोणी घेतलं नाही! माझ्या मुलाचा हात मोडला तेव्हा रोज दोन देत होते, हात दीड महिन्यात जुळला.

(धागा काढणारा)

मावशी, हाताचं हाड दीड महिन्यात लाडवांशिवायही जुळतं. लाडू वाईट नाही, पण एकात 200च्या आसपास कॅलरी. दोन लाडू म्हणजे माझा जिमचा तास. तरी पाठवा, पत्ता कळवतो.

हॉस्टेलचा भिया

बॉक्स जंप करताना गुडघा आत वळला, एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेलं, ऑपरेशन झालं. पट्टा काढल्यावर मांडी टेपने मोजली: दुसरीपेक्षा 3 सेंटीमीटर बारीक. बघून रडू आलं, खोटं कशाला बोलू. मेसची डाळ कशी असते ते माहीतच आहे, म्हणून खोलीत किटलीत सोयाबीनच्या वड्या उकळायचो. कोरड्या 50 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या वर प्रोटीन, याहून स्वस्त काही नाही. उकळून पाणी पिळून टाका, मग कांदा, लिंबू आणि जीरावन. जीरावन नसतं तर दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं.

सातव्या महिन्यात एकदम भारी वाटून राहिलं होतं, क्रिकेट खेळायला निघालो होतो. फिजिओने एका पायावर लांब उडी मारायला लावली. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 78 टक्के भरली. निदान 90 हवी, आणि नऊ महिन्यांच्या आत मैदान नाहीच, म्हणाले. घरी येऊन बॅट पलंगाखाली सारली.

एक फिजिओ, स्कीम 54

वाचत होते, राहवलं नाही. दुखणं दहापैकी तीन-चारच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत होत असेल, तर व्यायाम चालू ठेवा. सकाळी जास्त दुखलं तर काल जास्त झालं. वेदनाशामक गोळी घेऊन जिमला जाणारे मला आठवड्याला भेटतात. दुखणं हीच सूचना असते आणि ते तीच बंद करून जातात. आणि कंबरवाल्यांनो, लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटली, तर व्यायामबियाम नाही, त्याच रात्री इमर्जन्सी.

टाचदुखीवाली, रामबाग

गच्चीवर अनवाणी रोज हजार दोरीउड्या. महिन्याभरात सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा. दोन पावलांनी कमी व्हायचं म्हणून दोन महिने अंगावर काढलं, ही चूक. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवून बरं वाटायचं, पण फरक पडला तो पायरीवर बोटांखाली टॉवेल ठेवून हळूहळू टाचा उचलायच्या व्यायामानं. एक दिवसाआड, तीन महिने.

खाण्यात मी फारसं काही बदललं नाही, उगाच कशाला खोटं सांगू. फक्त सराफा, रात्रीचा खाऊबाजार. आधी आठवड्यातून तीनदा रात्री दहाला निघायचो, झोपायला साडेबारा आणि सहाला गच्चीवर दोरी. आता फक्त शनिवार, आणि गाडी राजवाड्यापासून लांब लावून चालत. हिवाळ्यात गराडूची (तळलेल्या कंदाची) एक प्लेट दोघांत. नवरा कुरकुरीत तुकडे आधी उचलतो.

(धागा काढणारा)

टॉवेल किती जाड?

टाचदुखीवाली, रामबाग

आंघोळीचा, गुंडाळी करून. बोटं वर वळली पाहिजेत. आणि कठडा धरा.