मदत हवी आहे: रिमोटच्या शिडाच्या होडीत कोणते चार्जिंगचे सेल घालावेत?

नमस्कार मंडळी,

मी ऑकलंडला असतो. माझ्याकडे ड्रॅगनफोर्स ६५ ही रिमोटवर चालणारी शिडाची होडी आहे. लांबी ६५० मिमी, वजन साधारण १.२ किलो. रविवारी सकाळी मुलाला घेऊन ओनेपोटोच्या तळ्यावर जातो. शर्यतीत उतरत नाही, त्यामुळे नियमांचं बंधन नाही. डिसेंबरात हीच होडी सावंतवाडीला नेऊन बाबांकडेच ठेवायची आहे, म्हणून सेलचं काय ते आताच ठरवायला हवं.

आधी काय झालं ते सांगतो. होडीत चार पेन्सिल सेलचं खोकं आहे. त्यात तीन वर्षं जुने निकेल-मेटल हायड्राइडचे सेल होते, वर २७०० एमएएच लिहिलेले. गेल्या महिन्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. झोत आला, होडी कलली, मी शीड आत घ्यायला गेलो आणि होडी ऐकेचना. शीड अर्ध्यावर, सुकाणू एका बाजूला. दोन-तीन सेकंदांनी परत चालू झाली, पुढच्या झोताला पुन्हा तेच. शेवटी पलीकडच्या गवतात जाऊन अडकली. मुलगा रडवेला झाला होता.

घरी मल्टिमीटर लावला. नुसते सेल ५.१ व्होल्ट दाखवत होते. विंच, म्हणजे शिडाची दोरी ओढणारी मोटर, चालवताना दोरी हाताने धरून ठेवली की आकडा ४.१ वर यायचा, आणि मीटरला पकडता येत नाही असा क्षणभराचा खड्डा त्याहून खोल असणार. विंचने जोर लावला की व्होल्टेज बसतं आणि रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा होडीतला भाग) बंद पडून पुन्हा सुरू होतो, असा माझा अंदाज. शिवाय हे सेल तीन आठवडे कपाटात राहिले की आपोआप निम्मे रिकामे होतात.

आता माझ्यासमोर तीन वाटा आहेत.

एनेलूपसारखे, ठेवून दिले तरी चार्ज टिकवणारे चार सेल. एकेक २००० एमएएचच्या आसपास आणि २७ ग्रॅमचा, म्हणजे चार मिळून १०८ ग्रॅम. होडीच्या वजनाचा जवळजवळ अकरावा हिस्सा. व्होल्टेज मात्र ४.८ च.

दुसरी वाट म्हणजे तेच सेल पाच, डाग देऊन बांधलेला पॅक. ६ व्होल्ट मिळतात, वजन आणखी २७ ग्रॅमने वाढतं. हलक्या वाऱ्यात ही होडी फार नाजूक चालते, म्हणून हे वजन मला खुपतं.

तिसरी, दोन सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक. ६.६ व्होल्ट, वजनाला हलका, ताण आला तरी व्होल्टेज फारसं हलत नाही. पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ७.२ पर्यंत जातो, आणि माझ्या विंचवर ६ व्होल्टच लिहिलं आहे. लिपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर पॅकचा, विचार केलाच नाही. दोन सेलचे ८.४ व्होल्ट उतरवायला वेगळं सर्किट लागेल, आणि बाबांच्या घरात तो धोका मला नको.

खरा प्रश्न बाबांचा आहे. ते बहात्तर वर्षांचे आहेत. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांवर वाढलेला माणूस; होडीचे फोटो पाहून त्यांनी मोती तलावाच्या कुठल्या काठावर वारा बरा मिळेल तेही ठरवून टाकलंय. तिथे परवानगी लागत असेल तर तीही तेच काढणार आहेत. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "ते सेल हय गावतत मां?" मला याचं उत्तर देता आलं नाही.

कोणी अशी होडी चालवत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमचं मोजमाप बरोबर आहे, पण दोष ४.८ व्होल्टवर ढकलू नका. जुन्या सेलचा आतला विद्युतरोध वाढतो, आणि जास्त एमएएचचे साधे सेल लवकर म्हातारे होतात. नवे चार सेल घालून तसंच दोरी धरून पुन्हा मोजा. खोक्याच्या स्प्रिंगाही बघा. त्यावर हिरवट थर आला असेल तर तिथेच व्होल्टेज खातं.

अजून एक बघा. शीड पूर्ण आत घेतल्यावर विंच गुणगुणत राहते का? तसं असेल तर दोरी संपूनही ती ओढतच असते आणि सतत करंट पिते. रिमोटवरून तिची शेवटची मर्यादा थोडी कमी करा.

लिथियम आयर्न फॉस्फेट चांगलाच, पण त्याचा चार्जर वेगळा. चुकून लिपोच्या सेटिंगवर लावला तर जास्त चार्ज होऊन पॅक बिघडतो. तुम्ही जवळ नसताना हे बाबांवर सोडू नका. त्यांना पेन्सिल सेलच द्या, आठ. चार होडीत, चार चार्जरवर. नवे-जुने एकत्र करायचे नाहीत, एवढंच त्यांना सांगा. आणि अगदीच अडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे अल्कलाइन सेल त्याच खोक्यात बसतात.

धागाकर्ता

मनापासून आभार! विंच खरंच गुणगुणत होती, इतके दिवस मला तो तिचा नेहमीचा आवाज वाटायचा. मर्यादा कमी केली, स्प्रिंगा घासल्या, नवे चार सेल घातले. दोरी धरून मोजलं तर आता ४.७ च्या खाली जात नाही. काल चांगल्या वाऱ्यात दोन तास चालवली, एकदाही बंद पडली नाही.

आठ सेल आणि चार्जर प्लॅस्टिकच्या डबीत घालून हातातल्या बॅगेतून नेणार आहे, म्हणजे टोकं एकमेकांना लागणार नाहीत. बाबांना कळवलं. त्यांचा पुढचा प्रश्न: पावसाळ्यात चार महिने होडी माळ्यावर राहील, तेव्हा सेल काढून ठेवायचे का? मी हो म्हणालो. बरोबर ना?

प्रतिसाद २

बरोबर. काढून, कोरड्या डब्यात. तिकडच्या दमट हवेत स्प्रिंगा आधी जातात, सेल नंतर.