‘फोड’ की ‘उकल’? गूढ शब्दकोड्याच्या उत्तराखाली काय लिहावे?

राजारामपुरीतून (मूळ प्रश्न)

आम्ही सात-आठ जण दर रविवारी वाचनालयात जमून इंग्रजी वृत्तपत्रातले गूढ शब्दकोडे (क्रिप्टिक क्रॉसवर्ड, ज्याच्या प्रत्येक संकेतात उत्तराचा अर्थ आणि शब्दखेळ दोन्ही दडलेले असतात) सोडवतो आणि नवख्यांसाठी त्याचे स्पष्टीकरण फळ्यावर मराठीतून लिहितो. सरावासाठी मी एक मराठी शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारा संकेत, रचले (कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा) : ‘गरिबापुढे निर्बंध आले की कोल्हापूरचे तळे (३)’. गरीब म्हणजे रंक, निर्बंध म्हणजे आळा. दोन्ही जोडले की रंकाळा. हे सारे मी ‘फोड’ अशा मथळ्याखाली लिहिले. एका ज्येष्ठ सभासदांनी तो शब्द पुसून ‘उकल’ असे लिहिले आणि ‘फोड लोणच्यात असते’ असे बजावले. आमचे आजोबा श्लोक शिकवताना ‘आधी संधीची फोड कर, मग अर्थ सांग’ असे म्हणत, त्यामुळे मला हा शब्द अगदी घरचा वाटतो. माझे खरोखर चुकले आहे का?

शाहूपुरीतून

आपल्या सभासदांचे म्हणणे मला पटते. कोडे ही आपल्या भाषेत गाठ आहे किंवा गुंता आहे. म्हणून ते सुटते, उलगडते, उकलते. फोडण्यात बळजबरी आहे. नारळ फोडतात, डोके फोडतात, परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका फुटते. ज्या कोड्यावर रचणाऱ्याने रात्र घालवली, त्याची घडी हलक्या हाताने मोडावी, यातच त्याचा मान आहे.

मंगळवार पेठेतून

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. उकल म्हणजे आपण उत्तरापर्यंत कसे पोहोचलो तो प्रवास, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाला आधी अर्थ सुचतो, कोणाला उभ्या शब्दातून मिळालेल्या अक्षरावरून उत्तर दिसते. फोड मात्र सर्वांसाठी एकच असते, कारण ती शोधसूत्रातच असते. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९३९ पासून ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट यांचा आग्रह असे की शोधसूत्रात नेमका अर्थ असावा, प्रामाणिक शब्दखेळ असावा आणि याखेरीज काहीही असू नये. ‘नदी उलटली की गरीब (२)’ हे पाहा. ‘नदी’ची अक्षरे उलट क्रमाने लिहिली की ‘दीन’, आणि दीन म्हणजे गरीब. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वाक्य आधी वेगळेच वाचता येईल. माझ्या आईने ते वाचले आणि ती काही वेळ गप्पच राहिली. वरचा अर्थ मनाला भिडतो आणि आतला शब्दखेळ लपून राहतो. तो बाहेर काढून दाखवणे म्हणजे फोड, असे मी म्हणेन.

गडहिंग्लजहून

फोड हा शब्द संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून आला आहे, आणि त्या धातूत फुटण्याबरोबर उमलण्याचा, स्पष्ट होण्याचाही अर्थ आहे; तेव्हा शाहूपुरीच्या मित्रांना वाटते तेवढा तो आडदांड नाही. लिंगभेदही ध्यानात घ्यावा : पायाला येतो तो फोड, आंब्याची आणि संधीची ती फोड. आमच्याकडे मोहरी तडतडेपर्यंत फोडणी झाली असे म्हणत नाहीत, आणि माझा समज असा की हाही त्याच कुळातला शब्द आहे. मात्र मुळात ‘गूढ शब्दकोडे’ तरी कशाला? महाभारतातल्या कूटश्लोकांमुळे, म्हणजे अर्थ लपवणाऱ्या श्लोकांमुळे, आपल्याकडे ‘कूट’ हा शब्द तयार आहे. कूटकोडे म्हणावे.

राजारामपुरीतून

कूट सुचवले होते, ताई, पण येथे कूट म्हटले की आधी शेंगदाण्याचे डोळ्यांपुढे येते.

शिवाजी पेठेतून

मला मूळ उदाहरणावरच आक्षेप आहे. रंकाळ्याचे नाव रंकभैरवावरून पडले, असे आम्ही पेठेत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याची ‘रंक आणि आळा’ अशी फोड फळ्यावर लिहिली, तर मुले तीच व्युत्पत्ती समजतील. शिवाय हा खेळ इंग्रजीच्या सुट्या अक्षरांचा आहे. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ या दोन शब्दांत इंग्रजीत तीच सहा अक्षरे आहेत. देवनागरीत लिहिले की हे नाते उरतच नाही. जे आपल्या लिपीत मावत नाही, ते ओढून आणू नये.

मंगळवार पेठेतून

व्युत्पत्तीविषयीची आपली काळजी रास्त आहे आणि म्हणूनच ‘व्युत्पत्ती’ नव्हे तर ‘फोड’ लिहायचे आहे. लिपीविषयी मात्र मी सहमत नाही. शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात प्रथम छापले गेले, ते रचणारे आर्थर विन मूळचे लिव्हरपूलचे. परंतु श्लेष आणि प्रहेलिका (काव्यातली कोडी) आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहेत. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसह, हा नियम ठेवला की उलटापालट थोडी कमी होते आणि संधीचा खेळ मिळतो, जो इंग्रजीला साधत नाही. ‘रंक’मधला क आणि ‘आळा’मधला आ एकाच घरात कसे बसले ते पाहा.

शाहूपुरीतून

त्यावरच मला शंका आहे. ‘आळा’ हा संस्कृत शब्द नाही. त्याच्याशी संस्कृत पद्धतीचा दीर्घ संधी करणे शुद्ध मानावे का?

गडहिंग्लजहून

बोलताना करतोच की आपण. ‘घरात आहे’चे ‘घराताय’ होते, तेव्हा कोणते व्याकरण आडवे येते?

शाहूपुरीतून

बोलणे आणि छापील चौकट यांत अंतर ठेवावेच लागते. ‘घर्ताय’ असेही कोणी म्हणेल. मग घरे तीन मोजावीत की चार?

राजारामपुरीतून

रविवारपर्यंत मथळ्याची जागा रिकामी ठेवली आहे. रंकाळ्याचे शोधसूत्र मात्र मी पुसणार नाही. काल एका आठवीतल्या मुलीने ते कोणी न सांगता सोडवले आणि फळ्यावर ‘रंक’च्या ‘क’पुढे ‘आ’ लिहून दोन्हीभोवती एकच चौकोन काढला.