फाइव्ह-नाइन, टू-टू: ही स्पर्धा की नुसती हजेरी?

जुना_डायपोल

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार आला की मी रिगवर (रेडिओ संचावर) कापड टाकतो आणि माळा आवरायला घेतो. कारण त्या दिवशी हवेत सीक्यू वर्ल्डवाइड ही हॅम रेडिओची स्पर्धा असते. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. पुरे ४८ तास.

ज्यांना हॅम रेडिओ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जगभरचे परवानाधारक हौशी रेडिओवाले या दोन दिवसांत जमतील तेवढे संपर्क करतात. संपर्क म्हणजे काय? दोघांचे कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), 'फाइव्ह-नाइन' हा सिग्नलचा रिपोर्ट, आणि आपला विभाग क्रमांक. भारताचा २२. झालं, पुढचा!

माझं दुखणं त्या फाइव्ह-नाइनचं आहे. पाच म्हणजे शब्दन् शब्द कळतोय, नऊ म्हणजे सिग्नल दणदणीत. आम्ही शिकलो तेव्हा रिपोर्ट म्हणजे दिलेला शब्द होता, दिला की खरा द्यायचा. इथे समोरच्याचा कॉलसाइन चारदा विचारतात, विभाग दोनदा विचारतात, आणि शेवटी म्हणतात, "थँक यू, यू आर फाइव्ह-नाइन!" अरे, नऊ होतो तर चारदा कशाला विचारलंस?

दुसरं. या स्पर्धेत आपल्याच देशातल्या माणसाशी बोललं तर गुण शून्य. गेल्या वर्षी कापड टाकण्याआधी आमच्याच क्लबातल्या एका पोराला मी २० मीटरच्या बँडवर (बँड म्हणजे तरंगलांबीने ओळखला जाणारा लहरींचा पट्टा) हाक मारली. त्याने माझा नंबर घेतला, नमस्कार नाही, चमत्कार नाही, पुढच्या इटालियनकडे वळला. एरवी घरी येऊन दोन वाट्या मिसळ हाणतो.

तिसरं म्हणजे आमचं सकाळचं साडेसातचं नेट, म्हणजे हवेतली गप्पांची बैठक, ७ मेगाहर्ट्झवरची, ४० मीटर बँडवरची. पंधरा-वीस म्हातारे जमतो, कुणाचा गुडघा, कुणाचा अँटेनाचा बालुन. त्या दोन दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

याला खेळ म्हणायचं असेल तर म्हणा. मला ती हजेरी वाटते.

तीन_एलिमेंट

काका, तो मिसळवाला पोरगा मीच. पहिला क्यूएसओ (संपर्क) तुमच्याच शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) केलाय म्हणून जरा जपून लिहितो.

फाइव्ह-नाइनवर तुम्ही उगाच चिडता. आपण रस्त्यात भेटलेल्याला "काय, बरंय ना?" विचारतो तेव्हा त्याचं ब्लडप्रेशर थोडंच विचारत असतो. मोर्समध्ये तर नऊसुद्धा पूर्ण वाजवत नाहीत, चार डॅश आणि एक डॉट कोण वाजवत बसणार, त्याऐवजी 'एन' वाजवतात, एक डॅश एक डॉट. पाच-नऊ-नऊचं (तिसरा आकडा सुराचा) होतं पाच-एन-एन. ती सलामी आहे. खरी परीक्षा कॉलसाइनची. स्पर्धेनंतर सगळ्यांचे लॉग (संपर्कांच्या नोंदी) आयोजकांकडे जातात आणि माझी नोंद समोरच्याच्या नोंदीशी जुळवली जाते. एक अक्षर चुकलं की तो संपर्क गेला, वर दंडाचे गुण कापले जातात ते वेगळेच. तुमच्या नेटवर चुकीचं ऐकलं तर कोण कापतं?

आणि शून्य गुणांचं म्हणाल, तर ते तसं नसतं तर अमेरिकेतले हजारो हॅम आपापसातच बोलत बसले असते. आपल्या खंडाबाहेर तीन गुण, म्हणून माणूस दूरचं ऐकतो. शिवाय प्रत्येक बँडवर पहिला भारतीय मिळाला की देश आणि विभाग असे दोन मल्टिप्लायर, म्हणजे एकूण गुणांना गुणणारे आकडे, मिळतात. तुम्ही हाक मारलीत तेव्हा २० मीटरवर ते मला आधीच मिळालेले होते. तरी घेतलं ना तुम्हाला?

बँड भरतो हे खरं. पण ३०, १७ आणि १२ मीटरवर स्पर्धा होतच नाहीत. तिथे दोन दिवस या.

जुना_डायपोल

"तरी घेतलं." उपकार झाले.

आणि १७ मीटर? तिथून माझं जर्मनीत ऐकू जाईल, नागपुरात जाणार नाही. लहरी वर आयनोस्फिअरला आपटून दूर उतरतात, मधला सगळा प्रदेश सुटतो, स्किपमध्ये जातो. दोनशे-पाचशे-सातशे किलोमीटरवरच्या माणसाशी दिवसाउजेडी गप्पा मारायच्या तर ४० मीटर हवा. ही ढाल स्पर्धावाले दरवर्षी पुढे करतात, आणि प्रसारणाचं गणित त्यांनाच जास्त येतं, म्हणून जास्त राग येतो.

तीन_एलिमेंट

बरोबर आहे. हा मुद्दा गेला माझा.

पण साडेसातच का? सकाळी ४० मीटर युरोपाला उघडा असतो म्हणून तिथे गर्दी. दहा वाजता ऊन चढलं की लांबचे सिग्नल बसतात आणि बँड आपल्यापुरता उरतो. वर्षातून चार-पाच शनिवार-रविवार नेट दहाला घेतलं तर?

संत्रानगरी_वायएल

दोघांचं ऐकलं. आता माझं ऐका.

अकरा वर्षं परवाना आहे. नेटवर अजूनही नवा माणूस आला की पहिला प्रश्न, "मिस्टर आहेत का शॅकमध्ये?" मग अँटेना कुणी चढवली, परीक्षा कुणी शिकवली, स्वयंपाक झाला का. काकांच्या नेटवर असं होत नाही हे आधीच सांगते, पण होतं ते होतंच. गप्पा म्हणजे आपुलकी, हे ज्याला प्रश्न विचारायचे असतात त्याला वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटी याच स्पर्धेचा मोर्सचा भाग असतो. तिथे आवाजही नाही. मी कोण, बाई की बुवा, कुठल्या कॉलेजची, कुणाला देणंघेणं नाही. मी नीट पाठवते की नाही, एवढंच. एकदा पहाटे ४० मीटरवर दीड तास रन धरला, म्हणजे एका जागी बसून मी हाक द्यायची आणि लोकांनी माझ्याकडे यायचं. पाइल-अपमधून, एकाच वेळी येणाऱ्या हाकांच्या गर्दीतून, कॉलसाइनचा एकेक तुकडा उचलत गेले. तुम्ही ज्याला हजेरी म्हणता त्या दीड तासात मला पहिल्यांदा कुणी काही समजावून सांगितलं नाही.

जुना_डायपोल

ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या नेटवर कधीकाळी कुणी असं बोललं असेल आणि मी हसून सोडलं असेल, हेही शक्य आहे.

बिनतारी_शंका

मी हॅम नाही. ४८ तास जागून बक्षीस काय मिळतं?

तीन_एलिमेंट

प्रमाणपत्र. फारच भारी असाल तर लाकडी फळी, तीही कुणीतरी प्रायोजित केलेली. पैसे नाहीत.

बिनतारी_शंका

बायको काय म्हणते?

तीन_एलिमेंट

लग्न व्हायचंय. आई बोलते. २०१९ साली स्पर्धेचा रविवार आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते, २७ ऑक्टोबर. हेडफोन गळ्यात घालून आरती म्हटली. त्या वर्षी सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते, म्हणून १० मीटर बँड मेलेला, आणि अख्ख्या सोसायटीच्या एलईडी माळांनी ८० मीटरवर अशी खरखर लावली की रिगच्या सिग्नल-मीटरचा काटा खाली यायला तयार नाही. लक्ष्मी प्रसन्न झाली असेल, आयनोस्फिअर झालं नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. चर्चा गोड चालली आहे, पण कौशल्य कौशल्य म्हणताना कुणी पैशाचं नाव काढत नाही. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये हाय पॉवर म्हणजे १५०० वॅट. भारतात जनरल परवान्याला ४००, रिस्ट्रिक्टेडला ५०. मोठी मंडळी तर विमानाने अरुबाला जातात, कारण ते दक्षिण अमेरिकेत धरतात, म्हणून तिथून उत्तर अमेरिकाही तीन गुण आणि युरोपही तीन गुण. पुण्याच्या गच्चीवरून ही बरोबरी कशी होणार?

मी टाउनहाउसमध्ये राहतो, इथल्या असोसिएशनला कपडे वाळत घातलेले चालत नाहीत तर अँटेना कुठून चालणार. म्हणून शेकडो मैलांवरच्या डोंगरातलं स्टेशन भाड्याने घेऊन इंटरनेटवरून चालवतो. नियमात बसतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच ठिकाणी असले की झालं, माणूस कुठेही बसो.

जुना_डायपोल

भाड्याचा टॉवर, भाड्याची बीम अँटेना. उद्या कानही भाड्याने आणा.

एडिसनकर

काका, कान माझेच आहेत. तुमच्या गच्चीला परवानगी मिळाली म्हणून तुम्ही शुद्ध आणि मला मिळाली नाही म्हणून मी भाडोत्री?

जुना_डायपोल

मिळाली नाही, मिळवली. तीन वार्षिक सभा लागल्या एका तारेसाठी. एका सभासदाला वाटत होतं की मी त्यांच्या फ्रिजचे सिग्नल ऐकतो. पण ठीक, शब्द मागे घेतो.

तीन_एलिमेंट

पैशाच्या प्रश्नाला उत्तर शोधलंय लोकांनी. डब्ल्यूआरटीसी म्हणून जागतिक सांघिक स्पर्धा असते, १९९० मध्ये सिॲटलला सुरू झाली. सगळ्या संघांना एकाच भागात, सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच अँटेना देतात. २०१८ ला जर्मनीत विटेनबर्गजवळ शेतांमध्ये तंबू ठोकून झाली होती. तिथे पैसा, डोंगर, समुद्र सगळं बाजूला राहतं आणि उरतात दोन ऑपरेटर आणि त्यांचे कान. तरीही वर पोचणारी नावं बऱ्यापैकी ओळखीचीच असतात. म्हणजे काहीतरी कसब आहेच ना?

गोदाकाठ_५०वॅट

मी व्हीयू३, म्हणजे रिस्ट्रिक्टेड परवाना. नाशिक. पन्नास वॅट आणि गॅलरीतून समोरच्या आंब्याला बांधलेली वायर. बीमचे फोटो बघून न्यूनगंड येतो, खोटं कशाला बोलू.

पण २०२४ च्या ऑक्टोबरात सौरचक्र ऐन भरात होतं आणि १० मीटर दुपारपासून असा काही उघडला की या वायरवरून मी युरोप एकामागून एक घेत होतो. रन नाही जमला, सर्च अँड पाउन्स केलं, म्हणजे डायल फिरवत दुसऱ्याच्या हाकेला उत्तर द्यायचं. एरवी माझ्या हाकेला कोण थांबतो? स्पर्धेत मोठमोठी स्टेशनं माझ्यासारख्याच्या एका संपर्कासाठी कान टवकारून बसलेली असतात, कारण गुण त्यांनाही हवे असतात. माझ्याकडे देशांची जी यादी आहे त्यातली निम्मी त्या दोन दिवसांची आहे.

आता हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या डिझाइनचा बिटएक्स रेडिओ जुळवतोय. पाच वॅटच्या क्यूआरपी गटात उतरायचंय. हसू नका.

जुना_डायपोल

हसतोय कुठे. सोल्डर करताना फोटो टाक. टोरॉइडच्या कड्यावरचे तारेचे वेढे मोजून घे, मी एकदा एक जास्त घातला आणि आठवडा घालवला.

मोर्स_गेला_तेल_लावत

पाच वर्षांनी हे भांडण राहणारच नाही. एफटी८ ही डिजिटल पद्धत आली २०१७ मध्ये. पंधरा सेकंद कॉम्प्युटर पाठवतो, पंधरा सेकंद ऐकतो, गोंगाटाखाली गाडलेला सिग्नलही काढतो. डिजिटलवाल्यांची वेगळी जागतिक स्पर्धासुद्धा २०१९ पासून आहे. कान-बिन विसरा.

संत्रानगरी_वायएल

एफटी८ ज्यांनी काढलं त्यांतले जो टेलर हे भौतिकीचे नोबेलवाले, १९९३ चे. गोष्ट देखणी आहे, नाही म्हणत नाही. आणि गंमत बघा, काका: एफटी८ मध्ये रिपोर्ट खरा असतो, डेसिबलमध्ये मोजलेला. तुम्हाला हवा तसा. फक्त तो माणूस देत नाही.

जुना_डायपोल

हे लागलं.

कंट्रोल_रूम

सगळे मूळ मुद्द्यावरून घसरलात. सरकार आपल्याला स्पेक्ट्रम देतं ते आणीबाणीत उपयोगी पडावं म्हणून. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर हवेत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्याच स्टेशनवरून बेटांवरच्या लोकांची खबरबात मुख्य भूमीवर पोचू लागली. हा खरा हॅम रेडिओ. फाइव्ह-नाइनची माळ ओढणं नव्हे.

तीन_एलिमेंट

त्या अंदमानला कशासाठी गेल्या होत्या, तेही लिहा ना. आपत्तीसाठी नव्हे, डीएक्सपिडिशनसाठी, म्हणजे दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी संपर्क करायच्या मोहिमेसाठी. कित्येक वर्षांनी तिथून कुणी हवेत येत होतं, म्हणून साऱ्या जगाचं पाइल-अप त्यांच्यावर कोसळलेलं. तेच फाइव्ह-नाइन, तोच पुढचा. रिग, अँटेना आणि दिवसाला शेकडो कॉल उचलायची सवय तिथे आधीच होती, म्हणून २६ तारखेला स्टेशन तयार सापडलं.

कंट्रोल_रूम

डीएक्सपिडिशन आणि कॉन्टेस्ट एक नव्हे. शिवाय पूर-भूकंपात आपलं बहुतेक काम कमी पल्ल्याच्या व्हीएचएफ हँडसेटवर आणि त्यांचा सिग्नल पुढे फेकणाऱ्या रिपीटरवर चालतं. तिथे लागतो तो धीर, निरोप शब्दशः लिहून घ्यायची शिस्त, आणि मध्ये न बोलणं. तासाला दीडशे संपर्कांचा वेग घेऊन तिथे काय करणार?

संत्रानगरी_वायएल

मध्ये न बोलणं पाइल-अपमध्येच शिकतात. "आल्फा ब्राव्हो फक्त", म्हणजे कॉलसाइनमध्ये ए-बी असलेल्यांनीच बोला, असं म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले नाहीत तर काय होतं ते ज्याने एकदा अनुभवलंय, तो कंट्रोल स्टेशनवर आगाऊपणा करत नाही. निरोप शब्दशः लिहिण्याचं मात्र मान्य. ते स्पर्धेत कुणी शिकवत नाही.

जुना_डायपोल

मी आता उठतो, कारण रात्रीच्या गोळ्या घ्यायच्या आहेत.

नेट त्या दोन दिवशी दहाला घेऊ. सगळ्यांना विचारावं लागेल, दोघे-तिघे दहाला बाजारात असतात, ते ओरडतील. ताई, तुम्ही त्यात या. कुणी मिस्टरांबद्दल विचारलं तर मी आहे. नाशिककर, वायर आंब्याला बांधलीस ते ठीक, पण वाऱ्यात फांदी हलते, टोकाला दोरी ढिली ठेव.

फाइव्ह-नाइनवर मात्र मी हललेलो नाही. येत्या ऑक्टोबरात मी रिग चालू ठेवीन आणि मिसळखाऊला २० मीटरवर हाक मारीन. मला तू जसा ऐकू येतोस तसाच रिपोर्ट देईन. फाइव्ह-फोर असेल तर फाइव्ह-फोर. मग काय करशील?

तीन_एलिमेंट

नोंदीच्या लॉगर सॉफ्टवेअरमध्ये ५९ आपोआप भरलेलं असतं, काका. बदलायला मागे जाऊन दोन कळा जास्त दाबाव्या लागतात.

दाबेन. पण शनिवारी पहाटे हाक मारू नका, तेव्हा रन चालू असतो. रविवारी दुपारी या.

जुना_डायपोल

बघ, पुन्हा वेळ तूच ठरवलीस.