वहिवाट : पंचवीस वर्षं हातात असलेल्या गिटारीसाठी शब्द
(नागपुरातल्या काही जणांची चर्चा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याच्या वस्तीचं नाव आहे.)

धरमपेठ
भाची अमरावतीहून आली होती. तिनं गिटारीची केस उघडून माझी टेलिकास्टर, म्हणजे फेंडरची इलेक्ट्रिक गिटार, मांडीवर घेतली आणि विचारलं, "मामा, ही किती जुनी आहे?" मी वर्षं सांगितली. २००१ साली घेतली, जपानमध्ये बनलेली, माझ्याकडे आली तेव्हाही एका हातून वापरून झालेली. पण 'जुनी' हा शब्द तेव्हापासून टोचतो आहे. जुना फ्रिज, जुना कूलर म्हटलं की पुढचं वाक्य 'आता बदलायला हवा' हेच असतं. ही गिटार मला बदलायची नाही. ती आज २००१ पेक्षा चांगली वाजते, आणि हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. तिचे पडदे (फ्रेट, म्हणजे बोट दाबायच्या जागी असलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २०१६ साली नवे बसवले, नेक, म्हणजे हातात धरायचा दांडा, हाताला बसली आहे, कुठल्या बटणाला किती फिरवलं की आवाज कुठे जातो ते बोटांना ठाऊक आहे.

'सेकंडहँड' हा बाजाराचा शब्द. 'वापरलेली' म्हटलं की किंमत उतरते. 'मुरलेली' आणि 'रुळलेली' हे दोन डोक्यात आहेत, पण दोन्ही पुरेसे वाटत नाहीत. चांगली बनवलेली वस्तू वर्षानुवर्षं जवळ असणं आणि ती रोज वापरात असणं, या दोन्हींना मिळून मराठीत एक शब्द आहे का?

महाल
'मुरलेली' मला चालणार नाही. मुरायला आत काहीतरी शिरावं लागतं. लोणच्यात मीठ आणि तेल मुरतं, जमिनीत पाणी मुरतं, ताप अंगात मुरतो. माणसाला 'मुरलेला' म्हटलं की त्यात थोडा धूर्तपणाही येतो. भरीव लाकडाच्या, वरून जाड पॉलिएस्टरचा थर दिलेल्या गिटारीत काय मुरणार?

धरमपेठ
घाम मुरतो. माझ्या गिटारीचा फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची पट्टी, शिसवाचा आहे आणि शिसवावर सहसा लाखेचा किंवा पॉलिशचा थर नसतो, बोटं थेट लाकडाला लागतात. पंचवीस वर्षांत पहिल्या पाच पडद्यांमधलं लाकूड वरच्या भागापेक्षा काळं पडलं आहे. पण तुमचा मुद्दा मान्य, अख्ख्या वाद्याला हा शब्द लागू होत नाही.

(शिसवाचा विषय निघालाच आहे म्हणून. गिटारीच्या जगात ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते आपलं शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेतलं शिशम वेगळं, ते डालबर्जिया सिसू. दुकानातही कित्येकदा घोटाळा होतो. २०१७ च्या जानेवारीत डालबर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि फिंगरबोर्डापुरतं शिसव असलेली गिटारसुद्धा विक्रीसाठी सरहद्द ओलांडताना कागद मागू लागली. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली.)

इतवारी
मी 'रुळलेली'च्या बाजूनं. रुळणं हे वापरानंच होतं. नवा जोडा रुळतो, नवी सून घरात रुळते, शब्द भाषेत रुळतो. आणि गिटारीत तर ते डोळ्यांना दिसतं. फिंगरबोर्डाची कड नवीन असताना टोकदार असते, वर्षानुवर्षं तळवा घासून ती गोल होते. महागड्या गिटारींवर ती कड कारखान्यातच गोल करून देतात, कारण ग्राहकाला रुळलेला स्पर्श पहिल्याच दिवशी हवा असतो.

आणखी एक. धरमपेठवाले 'गिटारीला', 'गिटारीत' लिहितात, ते मला आवडलं. आजकाल सगळे 'गिटारला' लिहितात. शब्दाला सामान्यरूप मिळालं की तो घरचा झाला. माझ्या आजोळी 'ते गिटार' म्हणतात, तुमच्याकडे?

धरमपेठ
आमच्याकडे 'ती'. सतार ती, पेटी ती, म्हणून गिटारही ती. सतारीशी नातं मात्र इतकंच. सतार फारसीतल्या सेह-तार, म्हणजे तीन तारा, यातून आली, आणि गिटारीचं मूळ ग्रीक किथारात आहे. 'तार' दोन्हीकडे ऐकू येते हा योगायोग.

'रुळलेली' जवळचा आहे, पण त्यात एक उणीव आहे. रुळणं ही एकदा होऊन संपणारी गोष्ट आहे. जोडा दोन महिन्यांत रुळतो, त्यानंतरच्या चोवीस वर्षांना काय म्हणायचं?

सदर
मी वाजवणारा नाही, लाकडाच्या धंद्यातला आहे. आमच्याकडे 'जुनवान' म्हणतात. जुनवान साग म्हणजे पूर्ण वाढलेल्या झाडाचा, भरलेला, घट्ट साग. बल्लारशाच्या लाकडाला गिऱ्हाईक हात लावून विचारतं, "जुनवान आहे ना?" तिथे जुनं असणं हा गुण आहे. 'जून' मात्र जपून वापरा. लाकूड जून चांगलं, भेंडी जून वाईट.

इतवारी
सदरवाल्यांच्या शब्दावरून 'जुनावणं' आठवलं. ते मुद्दाम घडवणं, म्हणजे जुनावून देणं, हा गिटारींत खरोखरचा धंदा आहे. फेंडरच्या कस्टम शॉपनं १९९५ साली 'रेलिक' गिटारी बाजारात आणल्या. नव्या गिटारीचा रंग खरवडायचा, धातूला गंज चढवायचा, कडा झिजवायच्या, आणि किंमत जास्त घ्यायची. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलाघर याची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर बघा. त्यानं ती १९६३ साली कॉर्कमधल्या दुकानातून घेतली आणि जन्मभर वाजवली. तिच्यावरचा रंग बहुतेक उडून गेला होता, आतलं लाकूड उघडं पडलं होतं. तो गेला तेही १९९५ सालीच. ती गिटार जुनावली, या जुनावल्या गेल्या. मराठी क्रियापद हा फरक एका 'गेल्या'नं सांगतं याचा मला आनंद होतो.

सिव्हिल लाइन्स
दोन दिवस ही चर्चा वाचते आहे. मी दिवाणी वकिली करते, त्यामुळे धरमपेठकरांच्या पहिल्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचताच मला उत्तर दिसलं. जवळ असणं आणि वापरात असणं, दोन्ही मिळून, यासाठी आपल्या खरेदीखतांत शेकडो वेळा टाइप झालेला शब्द आहे : वहिवाट. 'सदर मिळकत लिहून देणार यांच्या मालकी व कब्जेवहिवाटीची आहे.' तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी म्हणजे हक्क. कब्जा म्हणजे ताबा. वहिवाट म्हणजे तिचा चालू असलेला उपभोग : पेरणं, कापणं, विहिरीचं पाणी घेणं, बांधावरून जाणं-येणं.

मालकी एका सहीनं येते. कब्जा किल्ली दिली की मिळतो. वहिवाट मात्र कोणी कोणाला एका दिवसात देऊ शकत नाही, ती करावी लागते. शेतातून गेलेला 'वहिवाटीचा रस्ता' हा पायांनी पाडलेला असतो, नकाशात तो असेल किंवा नसेल.

कायद्यातलं सांगते, कारण त्यात नागपूरचा धागा आहे. सुविधाधिकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी वगैरे घेण्याच्या हक्कांचा, कायदा १८८२ चा. तो सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्यांनाच लागू होता, म्हणजे नागपूरला पहिल्यापासून, आणि मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये. त्याचं कलम १५ सांगतं की वाटेचा उपभोग शांतपणे, उघडपणे, हक्कानं, खंड न पडता २० वर्षं घेतला तर तो अधिकार पक्का होतो. आणि कलम ४७ सांगतं की २० वर्षं सलग उपभोग घेतलाच नाही तर तो संपतो. गिटारीला हा कायदा लागू नाही हे उघड आहे. पण शब्दाच्या आत काय भरलेलं आहे ते यावरून कळतं.

धरमपेठ
ताई, हाच शब्द. मी तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

शांतपणे, उघडपणे, खंड न पडता. खंड पडण्याचं मला माहीत आहे. २००८ ते २०११ नोकरी अशी होती की गिटार पलंगाखाली होती. मालकी माझीच, कब्जा माझाच. केस उघडली तेव्हा तारांवर गंज, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर, आणि मे महिन्यानं नेक अशी वाकवलेली की पहिल्या पडद्यापाशी तार झणझणत होती. तंबोऱ्यात जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, काढायला दोरा लावतात, इथे नको असताना जवारी लागलेली. बर्डीवर ज्यांच्याकडे दाखवली ते म्हणाले, "भाऊ, वाजवत राहिले असते तर हे झालं नसतं. बंद घर आणि बंद गिटार सारखेच खराब होते." त्या दिवशी 'वहिवाट' हा शब्द मला सुचला असता तर बरं झालं असतं.

नागपुरात गिटारीची वहिवाट म्हणजे ऋतूंशी बोलत राहणं. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की हवेतलं पाणी संपतं, शिसव आकसतं, पण धातूचे पडदे आकसत नाहीत. त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि तळव्याला बोचतात. खोलीत वाळ्याचा कूलर सुरू केला की उलट टोक : दमट वारा थेट केसवर. मी गिटार कूलरच्या झोतात कधीच ठेवत नाही. जुलैत नेक पाणी पिते, पुढे झुकते, तारा उंच वाटतात. तेव्हा नेकमधल्या पोलादी सळईला पाव वेढा द्यायचा. माझ्या गिटारीत त्या सळईचा नट नेकच्या बुडाशी, बॉडीच्या आत लपलेला आहे, म्हणून आधी चार स्क्रू सैल करावे लागतात. पहिल्या वर्षी हात कापत होते. आता पावसाळ्याची चाहूल मला त्या स्क्रूंवरून लागते.

चांगली बनवलेली वस्तू म्हणजे काय, याचं माझं उत्तर याच चार स्क्रूंमध्ये आहे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नव्हता. १९५० च्या सुमारास त्यानं नेक सरेसानं न चिकटवता स्क्रूनं जोडली, म्हणजे झिजली तर काढता येईल, बदलता येईल. पडदे उपटून नवे ठोकता येतात. बटण, जॅक, स्विच सगळं डाग देऊन बदलता येतं. जिची दुरुस्ती होते तिचीच वहिवाट होते. सीलबंद वस्तूचा फक्त कब्जा असतो.

महाल
पडदे कशाचे असतात? सतारीवर आमच्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणत.

धरमपेठ
तेच. तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा अंशही नाही. पहिल्या तीन पडद्यांवर आधी खाचा पडतात, कारण मोकळ्या तारांचे कॉर्ड तिथेच धरतात. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकतात. गिटारीचे लाकडात ठोकलेले. पण 'फ्रेट'साठी 'पडदा' हाच शब्द माझ्या तोंडी बसला आहे, ब्रिजला 'घोडी' आणि तार पिळायच्या कीला 'खुंटी' हेही. दुकानात मात्र ब्रिज आणि कीच म्हणतो, नाहीतर वेळ जातो.

इतवारी
'वहिवाट' मान्य, 'रुळलेली' मागे घेतो. पण वापर कसा करायचा? 'ही माझ्या वहिवाटीची गिटार आहे' असं कोणी बोलेल का?

सिव्हिल लाइन्स
बोललं की बसेल. आणि वाजवणाऱ्यासाठीही शब्द तयार आहे : वहिवाटदार. देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव असतो. दिवाबत्ती, पूजा, उत्पन्न-खर्च पाहणारा तो वहिवाटदार. तो बदलतो, देवस्थान राहतं.

धरमपेठ
माझ्या आधी एक होता, हे मी सुरुवातीलाच लिहिलं. त्याचं नाव मला माहीत नाही, पण बॉडीच्या मागे, पोटाशी येतो त्या जागी, त्याच्या पट्ट्याच्या बकलानं पडलेल्या ओरखड्यांचा एक पुंजका आहे. मी तो कधी घासून काढला नाही. त्याच्याच शेजारी माझे थोडे कमी खोल ओरखडे आहेत.

काल भाचीला फोन करून शब्द सांगितला. ती म्हणाली, "मग मी दिवाळीत येते तेव्हा माझी वहिवाट सुरू." मी होकार दिला, आणि नऊच्या तारांचा (पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) एक संच मागवला. तिची बोटं अजून मऊ आहेत, मी लावतो त्या दहाच्या तिला झेपणार नाहीत. तारा पातळ झाल्या की नेकवरचा ताण कमी होईल, म्हणजे ऑक्टोबरात पुन्हा चार स्क्रू.