स्लीव्ह की बायपास: ‘छोटं ऑपरेशन’ म्हणून स्लीव्ह निवडू नका

उंबरठा

सहा वर्षांपूर्वी वजन उतरवण्यासाठी माझं जठराचं स्लीव्ह ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात त्याच पोटावर बायपास करायचं ठरलंय. वजन पुन्हा चढलं म्हणून नव्हे, ते बऱ्यापैकी टिकून आहे. रात्री दोन-अडीचच्या सुमारास आंबट पाणी घशाशी येतं आणि ठसका लागून मी उठून बसते, म्हणून. दोन वर्षं झाली, मी सपाट झोपलेले नाही. पाठीमागे तीन उशा उतरत्या रचायच्या आणि त्यांना टेकून रात्र काढायची. सकाळी आवाज बसलेला असतो.

तेव्हा मला दोन पर्याय सांगितले होते. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, कापून काढतात आणि उभी अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात, लहान आतडं कापून तिला जोडतात आणि खाली आतड्यालाच आतड्याचा दुसरा जोड देतात. म्हणजे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. माझ्या डोक्यात यातलं एवढंच राहिलं की एकात जोड नाही आणि दुसऱ्यात दोन आहेत. छोटं ते बरं म्हणून मी सही केली.

त्याआधीही आठवड्यातून तीन-चारदा छातीत जळजळायचं. मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि वजन उतरलं की तेही जाईल असं मी धरून चालले होते. एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी, न करताच ऑपरेशन झालं.

आता माझं मत असं झालंय की ज्याला आधीपासून जळजळ आहे, त्याच्यासमोर स्लीव्ह हा पर्याय ठेवूच नये. फिनलंडमध्ये स्लीव्हपास नावाची चाचणी झाली. २४० जणांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं होतं. १० वर्षांनी आत दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपासवाल्यांपैकी ७ टक्के. हा आकडा मला सही करण्याआधी कळायला हवा होता.

ओली_माती

ताई, तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. पण बायपासची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, म्हणून लिहिते. माझ्या बायपासला नऊ वर्षं झाली.

चौथ्या वर्षी एका रात्री जेवून उठले आणि बेंबीभोवती अशी कळ आली की जमिनीवरच वळकटी झाले. आतडं नव्याने जोडताना त्याच्या पडद्यात फटी राहतात. वजन उतरतं तशी पोटातली चरबी झडते आणि त्या फटी मोठ्या होतात. त्यातल्या एकीत माझं आतडं सरकून अडकलं होतं. याला इंटर्नल हर्निया म्हणतात. रात्रीतच पुन्हा पोट उघडावं लागलं. स्लीव्हमध्ये आतडं कापतच नाहीत, त्यामुळे हा प्रकार तिथे संभवत नाही.

दुसरं म्हणजे लोह. ते मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि आमचं अन्न नेमकं तोच भाग टाळून जातं. गोळ्या नियमित घेऊनही माझं हिमोग्लोबिन घसरत राहतं, मग शिरेतून लोह चढवून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. मी हे ऑपरेशन गुडघ्यांसाठी केलं होतं. वजन उतरलं, गुडघे सुधारलेही. पण जे काही दुखणं राहिलं त्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायची सोय नाही, कारण त्या गोळ्यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉलवर भागवायचं. संधिवाताच्या माणसाला हे कुणी आधी सांगतं का?

रानवाट

माझी स्लीव्ह, आठ वर्षं झाली. जळजळ आधी नव्हती, आताही नाही. बी-१२ आणि मल्टिव्हिटॅमिन घेतो, वर्षातून एकदा रक्त तपासतो. पहिली दोन वर्षं भूक अशी नव्हतीच. भुकेचं संप्रेरक ग्रेलिन जठराच्या ज्या भागात सर्वाधिक तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. नंतर भूक हळूहळू परतली आणि वजनही थोडं परतलं, पण मला हे ऑपरेशन पुन्हा निवडायला सांगितलं तर हेच निवडेन. एका वाईट अनुभवावरून ‘पर्याय ठेवूच नये’ म्हणणं पटत नाही.

उंबरठा

रानवाट, मी ‘ज्याला आधीपासून जळजळ आहे’ असं लिहिलंय. तुम्हाला नव्हती. तुमच्यासाठी स्लीव्ह योग्यच ठरली असेल.

टाका_दोरा

मी शस्त्रक्रिया विभागात काम करतो. उंबरठा यांच्या म्हणण्याचा गाभा मला मान्य आहे, पण ‘ठेवूच नये’ला हरकत आहे.

स्लीव्हनंतर जळजळ का वाढते? जठराचा वरचा घुमट जेवताना फुगून दाब सामावून घेतो. तो निघून गेला की उरते ताठ नळी, तिच्या खालच्या तोंडाशी घट्ट झडप. आतला दाब वरच्या बाजूला वाट शोधतो. अन्ननलिका जठराला जिथे तिरकी मिळते तो कोनही या ऑपरेशनमध्ये बिघडू शकतो. छातीच्या पडद्यातलं छिद्र आधीच सैल असेल, म्हणजे हायेटस हर्निया असेल, तर आणखी कठीण. यातलं बरंचसं एन्डोस्कोपीत आधी दिसतं, म्हणून ती टाळणं चूक.

‘छोटं ऑपरेशन’ या शब्दावर मात्र माझाही राग आहे. स्लीव्हमध्ये जठराच्या उंचीइतकी लांब स्टेपलची रेघ असते. ती गळाली तर बहुधा वरच्या टोकाला गळते, आणि नळीतल्या दाबामुळे ते छिद्र आठवडेच्या आठवडे बुजत नाही. बायपासमधली गळती पुष्कळदा लवकर आटोक्यात येते. दोन्ही ऑपरेशनांत पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास आहे. शिवाय स्लीव्हमध्ये काढलेलं जठर परत बसवता येत नाही. बायपासमध्ये ते पोटातच असतं.

पण बायपास ज्यांना देऊ नये असेही लोक आहेत. क्रोन्स रोगाने आतडं आजारी असलेले, जुन्या ऑपरेशनांमुळे आतडी एकमेकांना चिकटलेले, ज्यांची औषधं नीट शोषली जाणं जिवावरचं आहे असे, आणि ओली_माती म्हणतात तसे वेदनाशामक गोळ्यांवाचून ज्यांचं चालत नाही असे. बायपासनंतर मागे राहिलेल्या जठरापर्यंत साधी एन्डोस्कोपी पोचत नाही, पित्तनलिकेतला खडा काढणंही अवघड होतं. या लोकांपैकी एखाद्याला थोडी जळजळ असेल तरी मी स्लीव्हचा विचार करेन.

वजनाचं म्हणाल तर त्याच स्लीव्हपास चाचणीत १० वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हमध्ये साधारण ४३.५ टक्के आणि बायपासमध्ये ५१.९ टक्के उतरलेलं होतं. फरक आहे, पण नुसत्या किलोंसाठी मी कुणाला एका बाजूला ढकलणार नाही.

उंबरठा

डॉक्टर, हे सगळं समजून सांगितल्याबद्दल आभार. तुम्ही सांगितलेल्या लोकांसाठी मी ‘ठेवूच नये’ मागे घेते. बाकीच्यांसाठी नाही. ‘थोडी जळजळ’ हे शब्द माझ्याही कागदावर लिहिता आले असते.

पाणवठा

मिनी बायपासबद्दल कुणीच लिहीत नाही? लांब नळीसारखी पिशवी आणि आतड्याचा एकच जोड. वेळ कमी लागतो, वजन बायपासइतकंच उतरतं. मी तेच करून घेतलं आणि समाधानी आहे.

टाका_दोरा

वजनाचं बरोबर आहे. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत (२०१९) दोन वर्षांनी ते नेहमीच्या बायपासपेक्षा कमी पडलं नाही. पण त्यात आतड्याचा २०० सेंटिमीटर भाग वगळला होता, आणि मिनीच्या गटात जुलाब व पोषणाच्या तक्रारी जास्त निघाल्या. एकाच जोडामुळे पित्तही पिशवीत चढू शकतं. या धाग्याचा मुद्दा जळजळीचा आहे, म्हणून हे सांगणं भाग आहे.

सावकाश

कापाकापी करण्याआधी इंजेक्शनं का नाहीत? सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टर्झेपॅटाइडच्या मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. आतडं जागच्या जागी राहतं.

ओली_माती

ज्यांचं त्यावर भागतं त्यांनी जरूर घ्यावीत. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात आहे. म्हणजे तिथेही जन्मभराचा प्रश्न सुटत नाही.

थोरली_पाती

मी बरेच दिवस वाचतेय, आज लिहायचं धाडस करते. माझ्या धाकट्या भावाला १३ वर्षं मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४१. त्याला एका ठिकाणी ठामपणे सांगितलं की शुगर असेल तर बायपासच, दुसरा विचार नको. जळजळ त्याला क्वचित होते. घरात सगळे बायपासच्या बाजूने आहेत. हा धागा वाचून मला शंका यायला लागलीय.

पाणवठा

शुगरसाठी बायपास, यात वाद काय आहे? अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून इन्शुलिनला मदत करणारी संप्रेरकं जास्त सुटतात. वजन उतरायच्या आधीच शुगर खाली येते.

टाका_दोरा

वाद आहे, आणि थोरली_पाती, तो तुमच्या भावासारख्याच लोकांबद्दल आहे. अमेरिकेतल्या स्टॅम्पीड चाचणीत १५० मधुमेही होते. पाच वर्षांनी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के, नुसत्या औषधांवर ५ टक्के. औषधांपेक्षा दोन्ही ऑपरेशनं कितीतरी पुढे. त्या दोघांत अंतर तेवढं मोठं नाही.

२०१७ मध्ये मधुमेहींसाठी एक गुणपद्धत मांडली गेली. किती वर्षं झाली, किती औषधं चालतात, इन्शुलिन आहे का, साखर ताब्यात आहे का, या चार प्रश्नांवर ती उभी आहे. रोग मध्यम टप्प्यात असेल तर बायपास स्पष्टपणे सरस ठरतो. रोग जुना आणि इन्शुलिनवर असेल, तर स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच थकलेल्या असतात. तिथे मधुमेह पूर्ण मागे हटण्याची शक्यता दोन्हीकडे कमी, म्हणून त्या पद्धतीने अशा रुग्णांसाठी कमी जोखमीच्या स्लीव्हकडे कल दिला. सगळे सर्जन हे मानत नाहीत. बायपासने इन्शुलिनचा डोस जास्त उतरतो, तेवढ्यासाठी तो घ्यावा असं म्हणणारेही आहेत. पण ‘दुसरा विचार नको’ हे वाक्य तुमच्या भावाला लागू होत नाही.

थोरली_पाती

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. इन्शुलिन सुटेल या एकाच आशेवर तो तयार झालाय.

ओली_माती

मग त्याला ऑपरेशनच्या आधी हे नीट सांगा, नंतर कळलं तर फार खचेल. आणि तुम्ही बहीण आहात म्हणून एक विचारते. तो रोजच्या गोळ्या न चुकता घेतो का? माझ्याकडे सात कप्प्यांची डबी आहे. सकाळी मल्टिव्हिटॅमिन आणि लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम सायट्रेट, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. शिवाय बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. रविवारी रात्री डबी भरताना आठवड्यात किती कप्पे तसेच राहिले ते दिसतं. माझेही राहतात. पण ज्याच्या इन्शुलिनच्या वेळा आजच चुकतात त्याने बायपास घेताना दहादा विचार करावा.

थोरली_पाती

चुकतात. वहिनी आठवण करते म्हणून चाललंय.

रानवाट

गोळ्यांतून स्लीव्हवाल्यांचीही सुटका नाही, हे मात्र लिहून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एकाला स्लीव्हनंतर सतत उलट्या होत होत्या, त्याने ते अंगावर काढलं. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) इतकं घसरलं की डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसायला लागले आणि चालताना तोल जायला लागला. उलट्या थांबत नसतील तर कुठलंही ऑपरेशन असो, त्याच दिवशी दाखवायचं.

थोरली_पाती

भावाशी काल रात्री बोलले. इन्शुलिनचं ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गुडघे आणि झोपेतला श्वास तरी सुधारेल ना? ते सुधारण्याची शक्यता चांगली आहे असं मी सांगितलं, बरोबर ना? मंगळवारी एन्डोस्कोपीची वेळ घेतलीय. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. अन्ननलिका स्वच्छ निघाली तर स्लीव्ह, सूज किंवा हर्निया निघाला तर पुन्हा बसून बोलायचं असं सध्या ठरलंय.

टाका_दोरा

बरोबर सांगितलंत. झोपेतला श्वास अडण्याचा त्रास दोन्ही ऑपरेशनांनी बऱ्याच जणांचा कमी होतो. एन्डोस्कोपीच्या वेळी एच. पायलोरी या जठरात अल्सर करणाऱ्या जंतूची तपासणीही करून घ्या. बायपास करायची वेळ आलीच तर मागे राहिलेल्या जठरात नंतर दुर्बीण नेणं सोपं नसतं.

ओली_माती

उंबरठा ताई, तुमच्या बायपासबद्दल एक राहिलं. त्या फटी शिवणार आहेत का, हे विचारा. माझ्या वेळी शिवल्या नव्हत्या. त्यानंतर स्वीडनमध्ये सुमारे २५०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि शिवल्यावर आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण कमी झालं.

उंबरठा

तुमचा पहिला प्रतिसाद वाचला त्याच दिवशी फोन करून विचारलं. दोन्ही फटी शिवतात म्हणाले. शिवताना आतड्याला मुरड पडू शकते, म्हणून पहिले काही दिवस उलट्या किंवा कळ आली तर लगेच कळवायचं, हेही सांगितलं. लोहाची पातळी आत्ताच तपासून ठेवलीय, म्हणजे पुढे किती घसरली ते कळेल. सात कप्प्यांची डबी आणली आहे.