मदत हवी आहे : ऊसतोडीला जाणाऱ्या गावाची खुशाली मोजायची कशी?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही काही शिक्षक आणि बचत गटाच्या महिला मिळून लोकांचे राहणीमान आणि समाधान दरवर्षी नोंदवण्याचा प्रयत्न करीत आहोत. निती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे 12 निकष लावतो, पण त्याचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात, आणि 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे गावाचे म्हणून हाताशी आहे ते 2011 चेच.

पहिली अडचण वेळेची आहे. दसरा झाला की मुकादमांच्या, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदारांच्या, ऊसतोड टोळ्या निघतात आणि थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परततात; मधल्या काळात विचारले तर म्हातारीकोतारी आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले एवढीच भेटतात, आणि पावसाळ्यात विचारावे तर नवी उचल (पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम) नुकतीच हातात पडलेली असल्याने घरोघरी उत्तरे जरा गोडच येतात.

दुसरी अडचण प्रश्नांची. शून्य ते दहा अशा पायऱ्यांच्या शिडीवर आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे, हा जगभर वापरला जाणारा प्रश्न आम्ही विचारून पाहिला. ओसरीवर तूर निवडत बसलेल्या एका आजींनी सुपातून मान वर न करताच सांगितले, "शिडीवर कशाला चढवता गुरुजी, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते इचारा." मला तो प्रश्न आमच्या शिडीपेक्षा सरस वाटला. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची मनःस्वास्थ्य चाचणी मागच्या दोन आठवड्यांपुरतीच विचारते, म्हणून ती सोपी जाते. मात्र सासरे समोर बसलेले असताना सुनेकडून "बरं चाललंय" याखेरीज काही निघत नाही. शिवाय नवरा-बायको मिळून जिथे 'एक कोयता', म्हणजे मजुरीचे एकच एकक, मोजला जातो, तिथे बाईचे उत्तर वेगळे नोंदवायचे हेच अनेकांना पटत नाही.

ज्यांनी असे काम केले आहे त्यांना विचारायचे आहे की, वर्षातून दोनदा, म्हणजे टोळ्या जाण्यापूर्वी आणि परतल्यावर, त्याच घरांना विचारावे काय, की साखर कारखान्याजवळच्या मजुरांच्या तळावर फोन करूनही उत्तरे घेता येतील? अडीनडीला कोणाकडून उसने मिळते, लग्नकार्यात कोण बोलावते, यांसारखे प्रश्न शेजाऱ्यांत कटुता न आणता कसे विचारावेत? तसेच महिलांची उत्तरे महिलांनीच घेतली तर मागील वर्षाशी तुलना करता येईल काय, कारण तेव्हा सगळी विचारपूस आम्ही पुरुषांनीच केली होती? दसऱ्यापूर्वी प्रश्नावली छापायची आहे.