मदत हवी आहे : ओमेगा सेंटॉरीसाठी दक्षिण गोव्यात काळोखी जागा

मंडळी, येत्या मे महिन्यातल्या अमावास्येला ओमेगा सेंटॉरी बघायचाच आहे. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा, १७ हजार प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे जास्त वर येतो, केवढं भाग्य! तरी मेच्या मध्यात रात्री साडेदहाला, सगळ्यात उंच असतानाही, तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर. म्हापशाहून नेमका त्या बाजूला पणजीचा उजेड आडवा येतो. म्हणून काणकोणात गालजीबाग किंवा पोळेच्या किनाऱ्यावर जावं म्हणतोय. तिथे दक्षिण मोकळी आहे, की डोंगर-माड आड येतात? गालजीबागला कासवं अंडी घालतात, त्यांना त्रास नको. रात्री तिथे थांबू देतात का, परवानगी कुणाकडे मागायची? आणि दमट हवेत सहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीच्या आरशावर दव धरू नये म्हणून तुम्ही काय करता?